कांबभाई

भाईंना तुम्ही ओळखता. त्यांचे वास्तव्य कारापुराऐवजी पेडण्यात असेल, दोडामार्गात असेल, किंवा तुमच्याच आळीत असेल. परंतु तुमची मोटार देवळाच्या आवारात उभी करून तुम्ही दर्शनाला गेलेले असताना तिच्या पाठीमागे गुडघे टेकून, मान वाकडी करून आणि एक डोळा मिटून तिच्या पोटाखालच्या अंधारात काही तरी शोधीत बसलेला, आणि तुम्ही प्रसाद घेऊन परतल्यावर हात झटकीत उठून, तुमच्या घराण्यातील एखादे गुप्त व्यंग नाइलाजाने उघड करावे अशा अनुकंपेने ‘‘मागे फार सैल आहे हो तुमचे,’’ असे सांगणारा इसम तुमच्या परिचयात नाही, असे तुम्ही शपथेवर सांगितलेत तरी ती जबानी मी ग्राह्य धरणार नाही.

मागे सैल असते ती कांब. इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची ही पोलादी कांब मोटारीच्या डाव्या-उजव्या चाकांना परस्परांशी जोडते. वळणावर मोटारीचे धड बाहेरच्या अंगाला कलू लागले की ती पिळली जाते, आणि पूर्ववत होण्याच्या पोलादी हट्टाने त्या धडाला सावरून धरते. गॅरेजातले मेस्त्री तिला स्टॅबिलायझर म्हणतात, विलायती मासिके वाचणारे तरुण स्वे बार म्हणतात, आणि भाई नुसती ‘कांब’ म्हणतात. त्यामुळे सबंध गाव भाईंना कांबभाई म्हणते. कॅनडातील फ्रेडरिक्टन येथील स्टीफन कोलमन या गृहस्थांना 22 एप्रिल 1919 रोजी अशा कांबेचे पेटंट मिळाले, ही गोष्ट भाईंनी कोठून तरी पैदा केली असून प्रतिवर्षी त्या दिवशी ते आपल्या जॅकपुढे नारळ वाढवतात. विठ्ठलापुरातील चैत्रोत्सवाच्या आगेमागेच हा दिवस येत असल्यामुळे आमच्या वाड्यावरील दोन-तीन वृद्ध स्त्रियांचा असा दृढ समज आहे की, कोलमन हे जुन्या गोव्यातील कोणी सत्शील पाद्री असावेत आणि भाईंनी त्यांना काही नवस केलेला असावा.

एवढा व्यासंग असलेला मनुष्य वाऱ्याच्या वेगाने मोटार हाकीत असेल, असे तुम्हांस वाटेल. भाईंनी आयुष्यात ताशी पन्नास किलोमीटरांची मर्यादा ओलांडल्याचा पुरावा कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही. कारापूर तिस्कावरून साखळीच्या बाजारात जावे, भाजी आणि मासळी घ्यावी, वाळवंटीच्या पुलावरून परत यावे, एवढाच त्यांचा नित्याचा प्रवास. आणि तेवढ्यासाठी त्यांनी आपल्या लहानशा कौटुंबिक मोटारीच्या मागच्या आसाला, ज्या आसाच्या अंगी थोडाफार पीळ मुळातच असतो आणि म्हणून कारखान्याने जेथे निराळी कांब घालण्याची तसदी घेतलेली नव्हती तेथे, सोळा मिलिमीटर व्यासाची कांब बसवून घेतली, ती त्यांना अपुरी वाटली, आणि मग एकोणीस मिलिमीटरांची मागवली.

‘‘तीन मिलिमीटरांनी असे काय होणार?’’ मी विचारले. हा प्रश्न भाईंना विचारू नये. कांबेचा ताठरपणा व्यासाच्या चतुर्थ घातानुसार वाढतो, सबब सोळाची एकोणीस केली असता तो जवळजवळ दुप्पट होतो, हे त्यांनी माझ्या दारातील तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर खडूने सिद्ध करून दाखवले, आणि ती आकडेमोड पुसण्यास पावसाळा लागेपर्यंत मनाई केली. पुढच्या चाकांनी ओढली जाणारी मोटार वळणात शिरताना हट्टी होते, तिचे नाक आतल्या बाजूस वळण्याऐवजी सरळ जाऊ पाहते. मागची कांब जाड केली की कलण्याचा भार मागची चाके अधिक उचलतात, पुढच्या टायरांवरील जुलूम कमी होतो आणि नाक मुकाट्याने वळते. ‘‘पुढच्याला वळवायचे असेल, मास्तर, तर मागच्याला ताठ करावे लागते,’’ असे म्हणून त्यांनी वहिनींकडे एक अर्थपूर्ण कटाक्ष टाकला, आणि वहिनींनी त्याहून अर्थपूर्ण रीतीने चहाची कपबशी काढून नेली.

मोटारीखाली डोकावण्याचा त्यांचा छंद मात्र स्थळकाळाचे कोणतेही बंधन जाणीत नाही. आमच्या शेजारच्या मुलीची पाठवणी चालू होती, फुलांनी मढवलेली मोटार दारात उभी होती, सनई लावलेली होती, आणि सगळा स्त्रीवर्ग डोळ्यांना पदर लावून उभा असताना वधूच्या पित्याचे लक्ष मोटारीच्या मागे जमिनीवर उताण्या पडलेल्या भाईंकडे गेले. त्या भल्या गृहस्थाला वाटले की आपल्या कन्येच्या वियोगाने शेजाऱ्यालाही मूर्च्छा आली; त्यांनी गहिवरून भाईंना उठवायला हात पुढे केला, तेव्हा मोटारीखालून स्वर आला, ‘‘बुश गेले आहेत. जावईबापूंना सांगा.’’ एका अंत्ययात्रेत त्यांनी शववाहिकेचीही तपासणी उरकली. तेथे त्यांचा अभिप्राय असा पडला की, मागे फारच सैल आहे. तथापि वहिवाट पाहता आतून तक्रार येण्याचा संभव नाही.

उत्सवाला आलेल्या एका मंत्र्याच्या मोटारीखालून त्यांना पोलिसांनी पायांना धरून बाहेर ओढले, तेव्हा प्रकरण हातघाईवर येते की काय अशी भीती आम्हांस वाटली. चौकशी झाली, नाव-गाव-ठिकाण लिहून घेण्यात आले, इराद्याविषयी कैफियत मागण्यात आली. भाईंनी कैफियत दिली. ती इतकी सविस्तर होती की लिहून घेणाऱ्या शिपायाची लेखणी चतुर्थ घातापाशी थांबली, आणि शेवटी तो शिपाईच त्यांना आपल्या जीपगाडीच्या मागे घेऊन गेला व वळणावर ‘खट्’ असा आवाज कशामुळे येतो ते दाखवून द्या म्हणाला. लिंक रॉड निघाला.

त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री विठ्ठलापुरास वाळवंटीच्या पात्रात शृंगारलेल्या नौका सोडतात, आणि तो सोहळा पाहण्यासाठी दूरदूरचे लोक नदीच्या काठी दाटी करतात. त्या दीपोत्सवात सगळ्यांचे डोळे नौकांच्या रोषणाईवर खिळलेले असताना भाई पाण्याच्या रेषेकडे पाहत हळहळत असतात. नावा फार कलतात. नावेला चाके नसल्यामुळे कांब कोठे जोडावी, या विवंचनेत त्यांनी कार्तिकातल्या किती रात्री जाळल्या असतील ते तो विठ्ठलच जाणे.

राजकारणाकडे त्यांचा ओढा नाही, पण तेथेही त्यांचे निदान इतरांहून निराळे ठरते. गोव्यात 2019 साली काँग्रेसचे दहा आणि 2022 साली आठ आमदार एकगठ्ठा सत्तारूढ पक्षात गेले, तेव्हा तिस्कावर चहा पिणारी मंडळी नीतिमत्ता, निष्ठा, देवापुढे घेतलेल्या शपथा वगैरे विषयांवर तावातावाने बोलत होती. भाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. ‘‘एक चाक वर गेले आणि दुसरे खालीच राहिले, तर कांब त्याला आवरते,’’ ते म्हणाले. ‘‘सगळी चाके एकाच वेळी उचलली तर ती नुसती आपल्या जागी फिरते. तिथे कितीही जाड घाला, उपयोग शून्य.’’ या विषयावर याहून नेमका अग्रलेख माझ्या वाचनात आलेला नाही.

शास्त्र खरे असले तरी निसर्ग त्याची परीक्षा घेतल्यावाचून राहत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला पहिला पाऊस रस्त्यावरील तेल व धूळ यांचे जे काही निसरडे मिश्रण तयार करतो त्यावर, मृगाच्या आरंभी, सर्वण्याच्या बाजूच्या एका वळणावर भाईंच्या मोटारीचे शेपूट सुटले. आणि डिचोलीकडे निघालेली मोटार, मंद गतीने व कोणासही इजा न करता, कारापुराकडे तोंड करून उभी राहिली. मागचा भाग गरजेपेक्षा ताठ केला की ओल्या रस्त्यावर पकड प्रथम तोच सोडतो, हे भाईंना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांनी ते इतरांना पुष्कळदा बजावलेले होते. दुसऱ्या दिवशी एकोणीसची कांब उतरली आणि अठराची चढली. अठरा म्हणजे सोळाहून साठ टक्के ताठ, एवढे कारापुराला पुरे, असा ठराव एकमताने मंजूर झाला. सभेला भाई एकटेच हजर होते.

कायद्याचा मुद्दा मी काढून पाहिला आहे. मोटार वाहन कायदा, 1988, याच्या 52 व्या कलमान्वये निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून नोंदणीपुस्तकातील तपशील भिन्न होईल असा फेरफार मालकास करता येत नाही, हे मी त्यांना वाचून दाखवले. भाईंनी नोंदणीपुस्तक काढले, त्यातील एकेका रकान्यावर बोट ठेवले, आणि कांबेच्या जाडीचा रकाना दाखवा म्हणाले. असा रकाना नाही. यावर वकिलांचे काय म्हणणे पडेल ते पडो.

या मनुष्याचा मला मनस्वी कंटाळा येतो, हे मी येथवर लपवलेले नाही. परंतु त्यांच्या या वेडाचे मूळ कोठे आहे तेही सांगणे भाग आहे. भाईंचा एक खनिजवाहू ट्रक होता. खाणीवरून निघून नदीच्या धक्क्यावर बार्जीत माल ओतणाऱ्या त्या लाल धुळीच्या रांगेत त्यांनी उमेदीची वर्षे काढली, आणि समोरून येणारा भरलेला ट्रक वळणावर किती कलतो आहे, त्याचे पाटे बसले आहेत की नाही, आपण रस्त्याच्या कडेला थांबावे की जावे, याचा निवाडा निमिषात करण्याची सवय त्या वर्षांनी त्यांच्या डोळ्यांना लावली. 2012 साली खाणी थांबल्या. मध्यंतरी थोड्या हलल्या. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचे नूतनीकरण रद्द ठरवले आणि पुन्हा थांबल्या. ताडपत्रीखाली उभा असलेला ट्रक भाईंनी विकला. डोळ्यांची सवय विकता आली नाही.

दुसरे कारण त्यांची आई. तिला मोटार लागत असे. हातात लिंबू धरल्यावाचून ती तिस्काच्या पलीकडे जात नसे, आणि पंढरपूर पाहण्याची तिची इच्छा केरीच्या पुढे चोर्ला घाटात अडकून पडलेली होती. अठराची कांब बसवल्यावर भाई तिला घेऊन निघाले. सबंध घाट त्यांनी अशा हाताने काढला की लिंबू मांडीवरून हलले नाही. प्रत्येक वळणानंतर ते आरशातून मागे पाहत होते, आता आई काही तरी म्हणेल, निदान विचारील. आई झोपली होती. जांबोटीला तिला जाग आली, तिने बाहेर पाहिले आणि विचारले, ‘‘घाट कधी येणार रे?’’ पुढल्या चैत्रात ती गेली. हे भाईंनी मला कधी सांगितलेले नाही, वहिनींनी सांगितले. आणि जगातील यच्चयावत कांबांविषयी बोलणारा हा बोलघेवडा मनुष्य त्या एका घाटाविषयी चकार शब्द काढीत नाही, यामुळे मला ते खरे वाटते.

आज आमच्या वाड्यावर रात्री-अपरात्री कोणाला बांबोळीच्या इस्पितळात न्यायचे झाले, तर लोक रुग्णवाहिकेच्या आधी भाईंचे दार ठोठावतात. पोटुशी बाई असो की शस्त्रक्रियेचे टाके ओले असलेला म्हातारा असो, भाई पैसा घेत नाहीत आणि हादरा बसू देत नाहीत. वाटेतले खड्डे आणि गतिरोधक त्यांना पाठ आहेत. तेव्हा तुम्हांला कधी त्यांच्या मोटारीत बसण्याचा योग आला तर अवश्य बसा. भाडे विचारू नका, त्यांना राग येतो. पुढच्या आसनावर बसा, कारण एका बाजूचे चाक खड्ड्यात गेले की जाड कांब तो धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचवते आणि मागे तो अधिक जाणवतो. कांबेची स्तुती करू नका, ती सुरू केलीत तर साखळीपर्यंत संपणार नाही. जमले तर झोपून जा.