तूट कोणत्या साली दाखवावी?

रायपूर, छत्तीसगड

मा. संचालक मंडळ,
मिनेसोटा ऑर्केस्ट्रा, मिनियापोलिस यांस,



मी इथल्या एका मराठी गणेशोत्सव मंडळाचा खजिनदार. तुमच्याकडे सिबेलियस वाजतो, आमच्या मिरवणुकीत धुमाळ. तेव्हा सुरांशी माझा संबंध नाही. पण हिशोबात तुम्ही जी उंची गाठलीत, ती पाहून शिष्यत्व पत्करावंसं वाटलं.

2009 आणि 2010 साली तुम्हाला सभागृहाच्या नूतनीकरणासाठी सरकारी पैसा हवा होता. तेव्हा कायम निधीतून जरा जास्तीची उचल करून जमाखर्च जुळवलात. सरकारने 1.4 कोटी डॉलर दिले. मग वादकांचा करार संपायची वेळ आली आणि 2012 च्या ताळेबंदात 60 लाख डॉलरची तूट अवतरली! तूट आधीही होतीच म्हणा. तिने प्रकट कधी व्हावं, एवढाच मुहूर्त तुम्ही काढलात. वादकांनी मोठी पगारकपात नाकारली, तर 1 ऑक्टोबर 2012 पासून त्यांना टाळं, ते थेट जानेवारी 2014 पर्यंत. शेवटी बिचारे 15 टक्के कपातीवर तयार झाले.

त्या काळात सभागृहाचं काम मात्र अडलं नाही. सुमारे 5 कोटी डॉलर खर्चून इमारत झळाळली, वादक बाहेरच. संगीत संचालक ओस्मो वॅन्स्का राजीनामा देऊन गेले. मंडप सजलाय आणि गणपती फाटकाबाहेर उभा, हे आम्हाला आजवर सुचलं नव्हतं.

आमची अडचण वेगळी आहे. वार्षिक सभेत पहिल्या रांगेत रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले एक काका बसतात. मांडीवर मागच्या वर्षीचा ताळेबंद, हातात लाल पेन्सिल. धुमाळवाल्याच्या बयान्याची पावती मागतात. मी दाखवतो ती पानठेल्यावर उभ्याउभ्या लिहिलेली चिठ्ठी. तिच्यावर रक्कम आकड्यात आहे, अक्षरी नाही. ‘अक्षरी का नाही?’ यावर पाऊण तास. मग कापूर. मग उरलेले नारळ कोणाच्या घरी गेले. त्यांना तुमच्या कायम निधीची युक्ती सांगून पाहिली, तर म्हणाले, ‘मुदत ठेव मोडायची? आधी सभेचा ठराव आण.’ शिवाय 1973 च्या सोसायटी कायद्याखाली दरवर्षी पंजीयकाकडे तपासलेला हिशोब द्यायचा, ते निराळंच.

तुमच्या मंडळावर तेव्हा मोठमोठे बँकवाले होते, म्हणून एक गोष्ट खटकली. तूट कधी दाखवायची आणि कधी नाही, ही चर्चा तुम्ही चक्क बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवलीत, आणि ते वर्तमानपत्राच्या हाती लागलं. आमच्याकडे असल्या गोष्टी चहाच्या टपरीवर ठरतात.

आता मुद्द्याचं. यंदा मंडपासाठी नगरसेवकांची मदत हवी आहे, त्यांना शिल्लक दाखवली पाहिजे. धुमाळवाल्याने भाव वाढवलाय, त्याला तूट. तुम्हाला मध्ये दोन वर्षं मिळाली. आमच्याकडे दोघेही एकाच आठवड्यात येतात, आणि बहुधा एकाच सोफ्यावर बसतात. यावर काही तोडगा असल्यास कळवावा.

उत्तर मात्र फोनवरच द्यावं. मंडळाचं टपाल काका उघडतात.

आपला नम्र,
खजिनदार