प्रथम दंतवैद्यभेटीची पूर्वपीठिका

दुधाचे दात म्हणजे साधारण सहाव्या महिन्यापासून उगवू लागणारे आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत २० ही संख्या पूर्ण करणारे दात. आणि दंतवैद्य म्हणजे, मराठी घरातील रूढ व्याख्येप्रमाणे, रात्री अडीच वाजता दाढ ठणकू लागल्याखेरीज ज्याचे तोंड पाहू नये असा गृहस्थ. या दोहोंची गाठ मुलाच्या पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास, किंवा पहिला दात दिसल्यापासून सहा महिन्यांच्या आत पडावी, असे बालदंतवैद्यक, म्हणजे केवळ मुलांच्या दातांना वाहिलेली वैद्यकशाखा, सांगते. घरात हे पहिल्यांदा कानी पडते तेव्हा उण्यापुऱ्या सहा दातांच्या धन्याला डॉक्टरकडे कशाला न्यायचे, असा प्रश्न निघतो, आणि पाठोपाठ ‘पडायचेच आहेत ते’ असा निकालही लागतो.

हा निकाल तत्त्वतः बिनचूक असला तरी मुदतीच्या हिशेबात कच्चा आहे. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात हे खरे. परंतु दुधाच्या दाढा दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात, आणि एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तशी त्या खालून येणाऱ्या कायमच्या दातांसाठी जागा धरून ठेवतात. रुमाल आधीच उडाला की शेजारचे सरकून बसतात आणि हक्काचा प्रवासी वाकडातिकडा उभा राहतो. त्यात बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलाच्या वरच्या पुढच्या दातांवर दूध साचून कीड लागते, तर खालचे दात जिभेच्या आणि लाळेच्या आडोशाने पुष्कळदा बचावतात. संक्रांतीनंतरच्या बोरन्हाणात त्याच मुलाच्या डोक्यावर हलवा, गोळ्या आणि अलीकडे चॉकलेटे ओतली जातात, आणि वर्षभर पुरेल एवढी साखर एका संध्याकाळी वेचून घेतल्याबद्दल त्याचे औक्षणही होते.

पूर्वतयारी या शब्दाने सामान्यतः भेटीच्या आदल्या आठवड्यातील समजावणी अभिप्रेत असते. वस्तुतः मुलाची तयारी त्याच्या कितीतरी आधी, वरणभाताच्या घासांबरोबर, पूर्ण झालेली असते. ‘खा, नाहीतर डॉक्टरकाका सुई टोचतील’ हे वाक्य दोन्ही वेळच्या जेवणात वर्षभर ऐकलेल्या मुलाच्या मनात डॉक्टरची जी मूर्ती उभी राहते, ती बागुलबुवा आणि पोलीस यांच्याहून वरचढ असते. कारण बागुलबुवा कधी येत नाही, पोलीस गल्लीतून निघून जातो, डॉक्टर मात्र लसीच्या दिवशी खरोखरच टोचतो. त्याच काकांकडे नवा सदरा घालून हसत हसत जायचे आहे, असे तीच आई एका सकाळी सांगते, तेव्हा मूल गोंधळत नाही. आपण नेमके कोणत्या घासाला नाही म्हटले, एवढेच त्याला आठवत नाही.

या मुरलेल्या तयारीवर उतारा म्हणून जी आश्वासने दिली जातात, त्यांत ‘अजिबात दुखणार नाही’ हे सर्वांत घातक होय. दोन वर्षांच्या मुलाला ‘दुखणे’ ही क्रिया ठाऊक असते, ‘अजिबात’ हे क्रियाविशेषण ठाऊक नसते, आणि वाक्याच्या टोकाला असलेला नकार येईपर्यंत त्याचा खालचा ओठ बाहेर आलेला असतो. यास्तव बालदंतवैद्य दुखणे, सुई, रक्त हे शब्दच वर्ज्य मानतात. पाण्याच्या फवाऱ्याला पिचकारी आणि लाळ ओढणाऱ्या नळीला स्ट्रॉ म्हणणे त्यांच्या शास्त्रात बसते. एवढे पथ्य पाळून कुटुंब जिना उतरू लागते, तोच शेजारच्या काकू गालगुच्चा घेत ‘काय, आज दात काढायचे वाटतं?’ असे विचारतात. दात काढणे म्हणजे हसणे, हा मराठीतील दुसरा अर्थ त्या वयात माहीत नसतो.

अ‍ॅडल्स्टन या अमेरिकी दंतवैद्याने १९५९ मध्ये मांडलेली ‘सांगा, दाखवा, करा’ ही पद्धत आजही सर्वत्र वापरली जाते: आधी मुलाला समजेल अशा शब्दांत सांगायचे, मग उपकरण हाताला लावून दाखवायचे, आणि मगच ते तोंडात न्यायचे. घरातील तालमीत आरशाऐवजी चमचा घेऊन बाहुलीचे आणि मग मुलाचे दात मोजावेत, एवढे पुरते. परंतु ‘दाखवा’ या पायरीवर आजोबा उत्साहाने पुढे सरसावतात आणि आपली कवळी काढून पाण्याच्या पेल्यात सोडतात. पेल्याच्या तळाशी गुलाबी हिरड्यांसह हसणारे ते अख्खे दात आणि त्यांच्या वर अचानक आत गेलेले आजोबांचे गाल, हे आळीपाळीने पाहिल्यावर दाताच्या डॉक्टरकडे काय होते, याविषयी मुलाला पुढे काही सांगावे लागत नाही. ‘रडला नाहीस तर चॉकलेट’ ही आजीची लाच त्यामानाने निरुपद्रवी म्हणायची, जरी ती दंतवैद्याचा पुढचा रोजगार पक्का करीत असली तरी.

प्रत्यक्ष भेटीतील मुलाचे वर्तन मोजण्यासाठी १९६२ पासून फ्रँकल श्रेणी प्रचारात आहे. तीत ठाम नकारापासून उघड आनंदापर्यंत चार पायऱ्या असून, चौथी मराठी प्रतीक्षाकक्षात फारशी आढळत नाही. सोबत आलेल्या मोठ्यांसाठी अशी श्रेणी कोणी केलेली नाही, ही त्या शास्त्राची उणीव आहे.

तपासणीसाठी दंतवैद्य आणि आई समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लावून बसतात. मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसते आणि मग त्याचे डोके मागे दंतवैद्याच्या मांडीवर टेकवले जाते. पसरलेल्या पायांवर तेल लावून घेत, आजीकडून नाक ओढून घेत ज्याची आंघोळ झाली, त्याला ही बैठक काही सर्वस्वी अपरिचित नसते, त्यामुळे ते त्या आंघोळीइतक्याच जोराने भोकाड पसरते. येथे एक गोष्ट उघड होते, जी आठवडाभर कोणी घरात बोलले नव्हते: रडणाऱ्या मुलाचे तोंड आपोआप उघडते आणि दात शेवटपर्यंत दिसतात, दंतवैद्याला खरी अडचण होते ती शहाण्यासारखे ओठ मिटून बसलेल्या मुलाची. एखाद्या मिनिटात दात मोजून होतात, तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच पेस्ट लावा, असे सांगितले जाते, आणि मूल हुंदके देत खुर्चीचे बटण दाबू लागते.

पुढची तारीख सहा महिन्यांनंतरची मिळते. त्या दिवशी आजोबांनी जरूर यावे, फक्त कवळी तोंडातच ठेवावी.