नियत वयोमानानुसार

एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपात मी बत्तीस वर्षं काढली, त्यातली एकोणीस टायर स्टोअरला. त्यामुळे जावईबापूंनी फिनिक्सच्या घरासमोर उभी असलेली ती अवाढव्य पांढरी गाडी दाखवून "बाबा, हे आमचं मोटरहोम. यातनं ग्रँड कॅन्यनला जायचं" असं सांगितलं, तेव्हा ही आतलं स्वयंपाकघर बघायला चढली आणि मी उकिडवा बसून चाकं बघायला लागलो.

सहा चाकं. पुढे दोन, मागे दोन-दोनच्या जोड्या. आपल्या लाल गाडीसारखंच. परदेशात ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं. जावईबापूंकडून एक सेंटचं नाणं मागून घेतलं आणि त्यावरच्या लिंकनसाहेबांना खाली डोकं करून नक्षीत घातलं. तिकडची ही पद्धत मला लेकीने सांगितली होती. डोकं पूर्ण दिसलं तर टायर संपलं. इथे साहेब नाकापर्यंत बुडाले.

"एक नंबर!" मी निकाल दिला. "गोटा व्हायला अजून चार वर्षं बघायला नको."

गाडी सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने ती वर्षातले दहा महिने अंगणात उभी ठेवलेली. जावईबापूंनी तीच परंपरा पुढे चालवली.

फिनिक्स सोडलं की आय-१७ चा रस्ता चढायला लागतो. बाहेर बेचाळीस डिग्री, आणि दोन्ही बाजूंना न थांबणाऱ्या एस.टी.ला हात करणाऱ्या पॅसेंजरांसारखे सग्वारो निवडुंग. मधूनच रस्त्याच्या कडेला फुटलेल्या टायरांच्या लांबच लांब काळ्या सालपटी पडलेल्या. इकडचे ट्रकवाले त्यांना मगर म्हणतात, असं जावईबापू म्हणाले. हिने पंधरा मगरी मोजल्या आणि मग मोजणं सोडून रामरक्षा सुरू केली.

रात्री कॅम्प व्हर्डेला मुक्काम. शेजारच्या जागेवर एक अमेरिकन आजोबा घडीच्या खुर्चीत बसले होते. त्यांच्या मोटरहोमच्या सगळ्या चाकांवर पांढरी टोपडी घातलेली, बाळाच्या बारशाला घालतात तशी. मला हसू आलं. आजोबांनी आमच्या चाकांकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आलं नाही. ते उठले, मोबाइलचा उजेड टायरच्या गालावर धरला आणि शेवटचे चार आकडे वाचून दाखवले : ३५१५.

म्हणजे २०१५ सालचा पस्तिसावा आठवडा. टायर त्या आठवड्यात जन्माला आलं. एस.टी.त आम्ही टायरचे किलोमीटर लिहीत होतो. जन्मतारीख कोण बघतो? आमच्याकडे टायर म्हातारं व्हायच्या आधी झिजून जायचं, मग त्यावर रबर चढवायचं, मग ते मागच्या चाकाला लावायचं, आणि पुन्हा झिजलं की भंगारच्या लिलावात. म्हातारपण ही टायरची चैन आम्हाला ठाऊकच नव्हती.

"ऑगस्टचा शेवट, त्या वर्षी अधिक महिना होता, म्हणजे राखीपौर्णिमेचा आठवडा," हिने बोटांवर हिशेब केला. "नऊ वर्षं व्हायला आली हो."

आजोबा समजावून सांगत होते. मोटरहोमचं टायर झिजून मरत नाही, उभं राहून मरतं. रबरात मेणासारखी द्रव्यं घातलेली असतात. गाडी पळते, टायर दबतं-फुगतं, तसं ते मेण पृष्ठभागावर येतं आणि ऊन, ओझोन यांपासून रबराला जपतं. गाडी उभी राहिली की हे थांबतं आणि रबर आतून वाळत जातं. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यायचं. दहाव्या वर्षी तर नक्षी कोरी करकरीत असली तरी काढून टाकायचं.

मी वाद घातला. माझं इंग्रजी वादाला पुरत नाही, पण हातवारे पुरतात. लिंकन पुन्हा बुडवून दाखवला. तेवढ्यात ही म्हणाली, "अहो, कपाटात ठेवलेली पैठणी घडीवर चिरते की नाही? नेसली नाही म्हणून काय झालं?"

आता याच्यावर काय बोलणार?

तरी खरं सांगायचं तर मला ते लागलं. मलासुद्धा महामंडळाने अठ्ठावन्नाव्या वर्षी 'नियत वयोमानानुसार' घरी बसवलं होतं. तेव्हा माझी नक्षी कुणी नाणं घालून पाहिली होती?

पण तारीख टायरच्या दोन्ही गालांवर नसते, एकाच बाजूला असते. आतल्या टायरांची बाहेरून दिसेना. मग मी सतरंजी अंथरून गाडीखाली पाठीवर सरकत गेलो. डोळ्यांत धूळ, तोंडात टॉर्च, आणि आतल्या टायरचा गाल नाकापासून वीतभर अंतरावर. तारीख तीच. पण तारखेच्या भोवती बारीक बारीक भेगा, एकीतून दुसरी फुटलेली. मी थोडा वेळ तसाच पडून राहिलो. अशा भेगा मी रोज बघतो, आंघोळीच्या वेळी, स्वतःच्या टाचांवर.

बाहेर आलो आणि म्हणालो, "बदला."

"पण आधी स्टेपनी कुठे आहे ते दाखवा," मी पुढे म्हणालो.

"स्टेपनी नाहीये बाबा. या गाडीला येतच नाही."

सहा चाकांचं घर घेऊन वाळवंटात निघायचं आणि स्टेपनी नाही! मी आजोबांकडे वळून "नो स्टेपनी?" म्हणालो. त्यांना ती कुणीतरी बाई वाटली असावी, कारण त्यांनी सहानुभूतीने हिच्याकडे पाहिलं. वास्तविक शब्द साहेबाचाच. वेल्समधल्या लानेल्ली गावात स्टेपनी स्ट्रीटवर डेव्हिस बंधूंचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. मोटारींना जादा चाक नसण्याच्या त्या काळात, १९०४ च्या सुमारास, त्यांनी ते बनवून विकायला काढलं. साहेब शब्द इथे टाकून गेला आणि स्वतः विसरला. आम्ही तो डिकीत जपून ठेवला.

दुसऱ्या दिवशी पंचावन्न मैलांच्या वर काटा जाऊ न देता फ्लॅगस्टाफ गाठलं. उंची एकवीसशे मीटर, म्हणजे कळसूबाई पायाशी बसेल. निवडुंग जाऊन पाइनची झाडं आलेली. आजोबांनी बजावलं होतं, आधी गाडीचं भरल्या घरासकट वजन करा. ट्रकच्या काट्यावर चढवली. मागच्या आसावर ९२२० पौंड भरले. त्यात वीस पौंड कणीक, दोन कुकर आणि ग्रँड कॅन्यनला काय कुटायचं होतं देव जाणे, पण एक दगडी खलबत्ता होता.

टायरच्या दुकानात हातभर गोंदवलेला एक पोरगा होता. जावईबापूंना पांढऱ्या अक्षरांची, रानावनात जाणारी दणकट गट्ट्यांची टायरं आवडली. मी म्हटलं, "डांबरी रस्त्यावर हे गट्टे फक्त आवाज करतील. सरळ धारीची घ्या." पोरगा माझ्या बाजूने होता. साइज एलटी २२५/७५ आर १६, लोड रेंज ई. कारची साधी टायरं या गाडीला चालत नाहीत, हेही त्याने बजावलं. मग त्याने तक्ता उघडला. ८० पौंड हवेला हे टायर एकटं असताना २६८० पौंड पेलतं. जोडीत लावलं की २४७० च.

मी ते दोनदा वाचून घेतलं. "बघ," मी हिला म्हटलं, "एकटं असताना जास्त उचलतं. लग्न झालं की दोनशे दहा पौंड गेले."

"पण एक फुटलं तर गाडी दुसऱ्यावर तगून राहते ना?" ही म्हणाली. पोरग्याला भाषांतर करून सांगितलं, तर तो तिच्याच बाजूने हसला. मागची चार मिळून ९८८० पेलतात म्हटल्यावर तिने आणखी एक हिशेब केला. "म्हणजे अजून साडेसहाशे पौंड जागा आहे."

किंमत बाराशे डॉलरच्या वर. लाखाच्या पुढे गेली म्हणून मी रुपयांत मोजायचं सोडलं. मात्र सहा टायरं रांगेत आली तशी ही पुढे झाली. मंडईत कोथिंबिरीची जुडी उलटी करून बघावी तसं तिने एकेक टायर फिरवायला लावलं. पाच टायरं ०८२४. सहावं ४१२१.

"हे शिळं आहे."

पोरगा म्हणाला, वापरलेलं नाही, कोरं आहे. ही म्हणाली, दुधाची पिशवीसुद्धा न फोडलेलीच असते. लेकीने याचं काय भाषांतर केलं माहीत नाही, पण पोरगा आत गेला आणि वीस मिनिटांनी ताजं घेऊन आला. एकोणीस वर्षांत स्टोअरला मी कुठल्या सप्लायरला असं परत पाठवलं नव्हतं.

बिलावर शेवटी एक ओळ होती : जुन्या टायरांची विल्हेवाट, दर नगाला इतके. मी समजलो, एवढे परत मिळणार. तर एवढे आपण द्यायचे! सहा टायरं, लिंकन नाकापर्यंत बुडतो अशी, त्यांना फुकट द्यायची आणि वर दक्षिणा. एक तरी घरी नेऊ या, पत्र्यावर ठेवायला होईल, असं मी सुचवलं. लेकीने विमानात वजन किती चालतं त्याची आठवण करून दिली.

पन्नास मैलांनी नट पुन्हा आवळा, असं पोरग्याने सांगितलं होतं. बरोबर पन्नास मैलांवर, व्हॅली नावाच्या गावाच्या उजाड फाट्यावर, मी गाडी थांबवायला लावली. आठ नट, चार जागी. बत्तिसांतला एकही हलला नाही. तरी मी सगळे आवळून पाहिले, आणि कितीतरी दिवसांनी हाताला ग्रीसचा वास आला.

संध्याकाळी कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरच्या तळावर गाडी लागली. मावळतीचं ऊन थेट चाकांवर येत होतं. हिने आतून आमच्या दोन पांढऱ्या चादरी काढल्या आणि कपड्यांचे चिमटे लावून चाकांवर पांघरल्या.

रात्री थंडीने दात वाजायला लागले. मी म्हटलं, "अगं, चादरी काढ ना. आता कुठे ऊन आहे?"

"इथे पाचलाच उजाडतं," ही म्हणाली आणि कूस वळली.