सदाचाराचे चार तास

डॉक्टरांना आपली नोंदणी चालू ठेवायची तर पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट जमवावे लागतात. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा तसा दंडकच आहे. चार्टर्ड अकाउंटंट मंडळींनाही त्यांची संस्था ठरावीक तास वर्गात बसवते. न्यायाधीशांसाठी भाईंदरजवळ उत्तनला न्यायिक अकादमी आहे. वकिलाचं तसं नाही. एकदा सनद हातात पडली, अंगावर काळा कोट आणि गळ्याशी पांढरे बँड आले, की त्याचं शिक्षण पुरं झालं, असं १९६१चा अधिवक्ता अधिनियम मोठ्या विश्वासाने धरून चालतो. वकिलाने स्वतःहून सनद परत केली नाही, तर पटावरचं त्याचं नाव मृत्यू खोडू शकतो किंवा शिस्तपालन समिती. आणि या दोहोंतला मृत्यू कधीतरी नक्की येतो. ही उणीव भरून काढावी, वकिलांनाही दर काही वर्षांनी व्यावसायिक नीतिमत्तेचे तास सक्तीचे करावेत, अशी सूचना अधूनमधून होत असते. सूचना करणारे सज्जन असतात. म्हणूनच त्यांना वाटतं, की वकील चुकतो तो ठाऊक नसल्यामुळे.

ही समजूत वकिलांच्या बुद्धीचा अपमान करणारी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांनुसार व्यावसायिक नीतिमत्ता हा विषय लॉ कॉलेजात सक्तीचा आहे आणि शिस्तपालन समित्यांचे निवडक ५० निर्णय व सर्वोच्च न्यायालयाचे १० निकाल त्याच्या अभ्यासक्रमात आहेत. पदवीनंतर अखिल भारतीय बार परीक्षा असते. तिच्या १०० प्रश्नांतले ४ नीतिमत्तेचे. सुरुवातीची काही वर्षं तर परीक्षेला पुस्तकं नेता येत. नीतिमत्तेचा प्रश्न आला की पुस्तक उघडून बघायचं, ही पद्धत निदान प्रामाणिक तरी होती. आता उत्तीर्ण व्हायला सर्वसाधारण गटाला ४५ टक्के लागतात, म्हणजे नीतिमत्तेचे चारही गुण सोडून दिले तरी सनदेच्या केसालाही धक्का लागत नाही. पण तेवढ्यावरून वकिलाला नियम येत नाहीत, असं कुणी समजू नये. दाव्याच्या सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त वेळा तारीख वाढवून देऊ नये, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, आणि ते चौथ्यांदा मुदतीचा अर्ज देणाऱ्याइतकं पक्कं दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसतं. फी थकली म्हणून अशिलाचे कागद अडकवून ठेवता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितलं. कागद अडकवणाऱ्याला तो निकाल माहीत असतो. अशिलाला नसतो, एवढ्यावरच सगळं चालतं. खटल्याच्या निकालावर फी ठरवू नये, हा बार कौन्सिलच्या आचारसंहितेतला विसावा नियम. मोटार अपघाताच्या भरपाईत टक्केवारीची बोली होते ती तोंडी, कागदावर कधीही नाही. ती कागदावर का नसते, याचं उत्तर त्या विसाव्या नियमात आहे. नियम तोंडपाठ असल्याखेरीज इतकी काळजी माणूस घेत नाही.

अमेरिकेत या वर्गांचा प्रयोग पन्नास वर्षं चालू आहे, आणि त्याचा उगम पाहण्यासारखा आहे. वॉटरगेटच्या चौकशीत १९७३ साली अध्यक्ष निक्सन यांचे कायदेशीर सल्लागार राहिलेले जॉन डीन यांनी प्रकरणात गुंतलेल्यांची यादी सादर केली, तीत वकील असलेल्यांच्या नावांपुढे चांदण्या काढल्या होत्या. चांदण्या फार झाल्या. खुद्द निक्सन वकील; न्यू यॉर्कमधली त्यांची सनद १९७६ साली गेली. धंद्याची अब्रू अशी चव्हाट्यावर आल्यावर अमेरिकन बार असोसिएशनने १९७४ मध्ये लॉ कॉलेजांवर व्यावसायिक जबाबदारीच्या शिक्षणाची सक्ती केली, आणि पुढच्या वर्षी मिनेसोटा व आयोवा या राज्यांनी धंद्यात असलेल्या वकिलांनाही वर्गात बसवायला सुरुवात केली. आज कॅलिफोर्नियात तीन वर्षांत २५ तास भरावे लागतात, न्यू यॉर्कमध्ये दोन वर्षांत २४. दोन्हीकडे त्यांतले किमान ४ तास नीतिमत्तेचे. आता वॉटरगेटमधल्या वकिलांनी केलं काय होतं? घरफोडीवर पांघरूण घालणं, पुरावा दडवणं, खोटी साक्ष. यांतलं वाईट काय हे समजायला चार तास लागत असतील, तर तो माणूस वकिलीच्याच काय, कुठल्याच परीक्षेत उत्तीर्ण व्हायला नको होता. पुढची प्रगतीही उद्बोधक आहे. कॅलिफोर्नियाने निवृत्त न्यायाधीश, निवडून आलेले लोकप्रतिनिधी आणि कायद्याचे पूर्णवेळ प्राध्यापक यांना या वर्गांतून सूट दिली. एका वकिलाने तिला आव्हान दिलं, तर १९९९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सूट योग्यच ठरवली. म्हणजे जे कायदा करतात आणि जे शिकवतात, ते आधीच सुधारलेले आहेत. त्याच राज्यात वर्गाचे तास पुरे केल्याचं खोटं लिहून दिल्याबद्दल वकिलांवर शिस्तभंगाची कारवाईही झाली आहे. नीतिमत्तेच्या शिक्षणाने अनीतीला एक नवा मार्ग उपलब्ध करून दिला, हे योगदान नोंदवायलाच हवं. इंग्लंडने सॉलिसिटरांना लावलेली वर्षाला १६ तासांची अट २०१६च्या नोव्हेंबरपासून काढूनच टाकली. आपल्याला काय कमी पडतं ते आपणच ठरवा, ते शिका आणि वर्षाकाठी तसं लिहून द्या, असं सांगून ते मोकळे झाले.

यावर एक आक्षेप वजनदार आहे, आणि तो उडवून लावता येत नाही. काळ बदलतो, नव्या गोष्टी येतात आणि त्यांत भला वकीलही अज्ञानाने फसतो. २०२३ साली न्यू यॉर्कच्या फेडरल कोर्टात एका विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी सहा निकालांचे दाखले दिले. ते निकाल कधीच लागलेले नव्हते. चॅटजीपीटीने ते रचून दिले होते. संशोधन करणाऱ्या वकिलाची वकिली तीस वर्षांच्या घरातली होती, म्हणजे सक्तीचे तास त्याच्या राज्यात आले तेव्हापासून तो ते भरत आला असणार. या यंत्राला थापा मारता येतात हे त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं, आणि असलं अज्ञान वर्गाने जाईल, हे मान्य. पण कोर्टाचा राग यंत्रावर विश्वास ठेवल्याचा नव्हता. निकाल सापडत नाहीत असं प्रतिपक्षाने सांगितलं, कोर्टाने विचारलं, तरी त्या वकिलांनी दाखले मागे घेतले नाहीत. वेळीच कबुली दिली असती तर चित्र वेगळं असतं, असं न्यायाधीशांनी लिहून ठेवलं. पाच हजार डॉलर दंड झाला आणि ज्या न्यायाधीशांच्या नावावर बनावट निकाल खपवले होते त्यांना पत्रं पाठवायचा हुकूम झाला. गंमत म्हणजे त्या फर्मने दरम्यान आपल्या वकिलांसाठी तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणाची सोय केलीच होती, त्यामुळे आणखी शिक्षणाचा हुकूम देणं कोर्टाला अनावश्यक वाटलं. चुकीच्या पहिल्या भागावर वर्ग हे औषध होतं. दुसऱ्या भागाला अज्ञान म्हणत नाहीत. शिवाय नुसत्या ज्ञानासाठी सक्ती कशाला? १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा नवी कलमं शिकायला वकिलांना कुणी हजेरीचा धाक घातला नव्हता. पोटाशी गाठ असली की वकील आपल्या पायाने व्याख्यानाला जातो.

आता घरचं उदाहरण, कारण ते कुठल्याही परदेशी पाठ्यपुस्तकाच्या तोंडात मारील असं आहे. मुंबईच्या एस्प्लनेडच्या फौजदारी कोर्टांत काही वकिलांनी धंदा मिळवण्याची एक चपळ रीत काढली होती. कोर्टाच्या दाराशी टपून राहायचं, पक्षकार येताना दिसला की त्याच्यावर धावून जायचं, कागद हिसकायचे, दुसऱ्याहून कमी फी सांगायची आणि प्रसंगी सहकाऱ्याशी हातघाईवर यायचं, असा त्यांच्यावर आरोप होता. महाराष्ट्राच्या बार कौन्सिलने चौकशी करून त्यांना दोषी ठरवलं आणि सनदा तीन वर्षांसाठी निलंबित केल्या. ते दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपिलात गेले. तिथल्या शिस्तपालन समितीने आचारसंहितेतल्या छत्तिसाव्या नियमाचं बारीक वाचन केलं आणि सांगितलं, की धंद्यासाठी गळ घालण्याचा दोष सिद्ध व्हायला काम मागितलेलं हवं, ते विशिष्ट व्यक्तीकडे मागितलेलं हवं आणि विशिष्ट खटल्याबाबत हवं. धक्काबुक्कीच्या गर्दीत ही तिन्ही अंगं एका जागी कोण सापडवणार? वकील सुटले. महाराष्ट्राचं कौन्सिल सर्वोच्च न्यायालयात गेलं, तर पहिलाच प्रश्न असा निघाला, की अपील करणारे तुम्ही कोण? तुमचं काय गेलं? वकिलांच्या गैरवर्तनाने वकिलांच्या संस्थेला दुःख होऊ शकतं का, हे ठरवायला १९७५ साली सात न्यायमूर्तींचं पीठ बसावं लागलं. होऊ शकतं, असा निकाल लागला. पुढे त्याच वर्षी त्या तीन अंगांच्या वाचनाचाही न्यायालयाने समाचार घेतला. या प्रकरणात नियम कुणाला ठाऊक नव्हता? धावणाऱ्यांना होता, सोडणाऱ्यांना तर फारच बारकाईने होता. कमतरता होती ती दुःखाची, आणि त्या एका वेळी महाराष्ट्राच्या कौन्सिलला ते झालं.

एरवी ते का होत नाही, याचं कारण माणसांच्या स्वभावात शोधायला नको. ते कायद्याच्या रचनेत आहे. राज्याचं बार कौन्सिल वकिलांच्या मतांवर निवडून येतं. शिस्तपालन समितीत तिघे असतात, दोघे कौन्सिलचे सदस्य आणि तिसरा त्यांनीच घेतलेला वकील. ज्याने तक्रार केली तो अशील या दाराच्या आत फक्त पक्षकार म्हणून येतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो मात्र मतदार असतो, आणि त्याची बार रूम म्हणजे मतदारसंघ. तक्रारीचा वर्षभरात निकाल लागला नाही तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते, असं कायद्यात आहे. ही वर्षाची मुदत पाळा, असं सर्वोच्च न्यायालयाला २०२१च्या डिसेंबरमध्ये पुन्हा सांगावं लागलं. संपाचंही तेच. वकिलांना संपाचा अधिकार नाही, हे २००२ सालीच ठरलं. त्यानंतर विधी आयोगाने २०१७च्या २६६व्या अहवालात आकडे मांडले: २०१२ ते २०१६ या काळात डेहराडून जिल्ह्यात ४५५ दिवस संप, हरिद्वारमध्ये ५१५. कारणांमध्ये पाकिस्तानातल्या शाळेतला बॉम्बस्फोट आहे, नेपाळचा भूकंप आहे, श्रीलंकेच्या राज्यघटनेतली दुरुस्ती आहे आणि कविसंमेलनसुद्धा आहे. कवितेसाठी न्याय थांबवणारा व्यवसाय कोरडा आहे, असं कोण म्हणेल! उत्तराखंडातल्या काही कोर्टांत तर दर शनिवारचा बहिष्कार पस्तीस वर्षांहून जास्त काळ चालला होता, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या निकालात नमूद आहे. २०२५च्या फेब्रुवारीत केंद्राने वकिलांच्या संपाला आळा घालणारा दुरुस्तीचा मसुदा काढला. त्याच्या निषेधार्थ दिल्लीतल्या जिल्हा न्यायालयांतल्या वकिलांनी काम बंद ठेवलं, आणि दहा दिवसांच्या आत मसुदा मागे गेला. इतकं परिणामकारक प्रात्यक्षिक चार तासांच्या कुठल्या वर्गात होईल?

सगळे वकील असे नसतात, हे म्हणणं मला मान्यच आहे. तालुक्याच्या कोर्टात दोन-दोनशे रुपयांवर इमानाने उभे राहणारे आहेत, अशिलाला दावा लावूच नकोस म्हणून घरी पाठवणारेही आहेत. वर्गाची शिक्षा नेमकी त्यांनाच होईल, कारण हजेरीपटावर खोटी सही करायचं त्यांना सुचणार नाही. पण नव्या मुलांचं काय, असं कुणी विचारील. त्यांचा वर्ग रोज भरतो, आणि तो सीनियरच्या ऑफिसात. उलटतपासणी कशी घ्यावी ते जसं तिथे बघून येतं, तसंच अशिलाला खोटं आश्वासन किती द्यावं, पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, कधी खिशात ठेवावी, प्रतिपक्षाच्या वकिलाशी चहावर काय ठरवावं, हेही तिथेच येतं. ज्युनियरला शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्या, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४च्या ऑक्टोबरमध्ये केली. ती बंधनकारक नाही. ज्या मुलाला महिनाअखेरीस बसचं भाडंही मिळत नाही त्याने त्या टेबलावर न्याय्य मोबदल्याविषयी जे शिकायचं ते शिकून घेतलेलं असतं. नंतर त्याला सभागृहात बसवून अशिलाच्या पैशाचा हिशेब नीट ठेवा म्हणून सांगणारे वक्ते बहुधा तेच सीनियर असतील.

तेव्हा वर्ग नकोच, असं म्हणणं नाही. भरवायचाच तर आपल्या राज्याच्या शिस्तपालन समितीने त्या वर्षात दिलेले निर्णय मोठ्याने वाचावेत, नावांसकट, आणि किती तक्रारींचं वर्ष उलटून गेलं तेही. व्याख्याते म्हणून ज्यांचे कागद अडकले, ज्यांची भरपाई टक्केवारीत गेली, ते अशील बोलवावेत. त्यांना मानधन द्यावं आणि त्याची पावती घ्यावी. शिस्तपालन समितीवर एक तरी माणूस असा बसवावा ज्याला वकिलांची मतं नको आहेत. वकील नसलेली माणसं या रचनेत आणावीत असं विधी आयोगही सांगून चुकला आहे. हजेरी समितीच्या सदस्यांनाही सक्तीची असावी, कॅलिफोर्नियासारखी सूट नको. आणि वर्गाला शनिवार धरू नये. त्या दिवशी कुठे कविसंमेलन निघालं, तर तास पुन्हा पुढच्या तारखेवर जायचे.