एकोणीस बिंदूंची बखर

पॅल पद्धतीच्या डीव्हीडीवरील चित्रचौकट ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदूंची असते, आणि ती हल्ली ज्या फोर-के पडद्यावर पाहिली जाते त्याचे बिंदू ८२,९४,४०० भरतात. भागाकार बरोबर २० येत असल्यामुळे हिशेबाने दर वीस बिंदूंमागे एकच तबकडीतून येतो आणि उरलेले एकोणीस व्हिडिओ प्लेयर स्वतःच्या पदरचे घालतो. रंगाची अवस्था तर याहून बिकट आहे. मानवी डोळा उजेडाबाबत चोखंदळ असला तरी रंगाबाबत भोळा असल्याचे ओळखून रंगाची माहिती मुळातच एक चतुर्थांश बिंदूंपुरती साठवली जाते, म्हणजे तेथे ८० पैकी ७९ मूल्ये रचलेली असतात. चित्र लहान-मोठे करण्याच्या, म्हणजे स्केलिंगच्या पद्धतींविषयी जाणकारांत जो वाद चालतो तो या रचनेच्या खरेपणाविषयी नसून तिच्या शैलीविषयी असतो, हे प्रथमच ध्यानात घेतलेले बरे.

या पद्धतींचे स्वरूप स्थळाच्या चौकशीसारखे आहे. ‘निअरेस्ट नेबर’ ही पद्धत शेजारच्या एकाच घरी विचारून मोकळी होते, त्यामुळे तिरप्या रेषांना जिन्याच्या पायऱ्या फुटतात. ‘बायलिनियर’ चार घरी विचारून सर्वांच्या मतांची सरासरी काढते आणि चित्र गुळमुळीत करते. ‘बायक्यूबिक’ सोळा घरी जाते, तर तीन पाकळ्यांची ‘लान्झोस’ छत्तीस घरी. शेवटच्या दोघींची खोच अशी की काही दूरच्या शेजाऱ्यांचे मत त्या ऋण भाराने, म्हणजे उलटे धरतात: अमक्याने स्तुती केली, तेव्हा गुण वजा करावेत. या सावधपणामुळे कडा धारदार होतात, परंतु कडेलगत मुळात नसलेली फिकट वलयेही उमटतात, ज्यांना ‘रिंगिंग’ म्हणतात. कॉर्नेलियस लान्झोस हे हंगेरियन गणितज्ञ १९२८-२९ मध्ये आइन्स्टाइन यांचे सहायक होते. सापेक्षतेच्या समीकरणांशी झुंजलेल्या या गृहस्थांचे नाव आज सर्वाधिक वेळा उच्चारले जाते ते एखाद्या नायकाच्या भुवईभोवती प्रभावळ का दिसते, या प्रश्नाच्या निमित्ताने.

धार आणि वलय यांच्या या भांडणात तोडगा काढण्याचा सर्वांत समंजस प्रयत्न १९८८ मध्ये बेल लॅब्जच्या डॉन मिचेल आणि आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी अरुण नेत्रावळी यांनी केला. सूत्रातील दोन अंक बदलत जाऊन त्यांनी चित्रे तयार केली, ती तज्ज्ञांच्या डोळ्यांपुढे ठेवली आणि प्रत्येकातील मुख्य दोष कोणता, अंधुकपणा, वलये की दिशागणिक बदलणारे विद्रूपण, की चित्र समाधानकारक आहे, एवढेच विचारले. त्यातून दोन्ही अंक एक तृतीयांश ठेवावेत अशी शिफारस निघाली. गणिताच्या प्रांतात मतदान घेऊन सूत्र ठरावे, ही गोष्ट शुद्धतावाद्यांना खटकते. पण पाहायचे डोळ्यांनीच असल्यामुळे हा कौल इतरांच्या युक्तिवादांहून अधिक प्रामाणिक वाटतो.

पुढे मज्जाजालांवर आधारित पद्धती आल्या आणि रचनेला प्रतिभेची जोड मिळाली. एमपीव्हीसारख्या प्लेयरमध्ये तर चित्र मोठे करण्यासाठी एक, लहान करण्यासाठी दुसरी आणि केवळ रंगासाठी तिसरी अशा स्वतंत्र नेमणुका करता येतात, त्यामुळे चित्रपटाला बसण्यापूर्वी मंत्रिमंडळाचे खातेवाटप उरकावे लागते. एवढे करूनही डोळ्याची मर्यादा आड येते: सामान्य दृष्टी सुमारे एका कलामिनिटाचा, म्हणजे तीन मीटरवरून जवळजवळ ०.९ मिलिमीटरचा तपशील वेगळा ओळखते, तर ५५ इंची फोर-के पडद्यावरील बिंदू ०.३ मिलिमीटरच्या आसपास असतो. सोफ्यावर बसलेल्या माणसाला बायक्यूबिक आणि लान्झोस यांतील फरक दिसावा, अशी निसर्गाची फारशी इच्छा दिसत नाही.

म्हणून तुलना करणारे चित्रपट चालू ठेवतच नाहीत. ते एक चौकट गोठवतात, पापण्यांचा वा श्रेयनामावलीतील अक्षरांचा तुकडा कापतात आणि तो चौपट-आठपट मोठा करून शेजारीशेजारी मांडतात. मात्र हे मोठे करताना निकालात भेसळ होऊ नये म्हणून सारे एकमुखाने ‘निअरेस्ट नेबर’ हीच पद्धत वापरतात.