हरणारच आहेत

टॉटनहॅमचा फुटबॉल संघ जिंकेल असं नानांनी आजवर तोंडातून काढलेलं नाही. समोर कोणीही असो, सोफ्यावर बसता बसता ते एवढंच म्हणतात, "हरणारच आहेत. बघूया कसे हरतात ते." नव्या माणसाला वाटतं, काय हा निराश म्हातारा! मी नाना-काकूंच्या वेम्ब्लीच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहतो, त्यामुळे मला आतली गोष्ट ठाऊक आहे. दहावीच्या निकालाला "पास झाला तरी पुष्कळ" म्हणत फिरणारे आणि आदल्या रात्रीच पेढे सांगून आलेले वडील आपल्याकडे असतात ना, नाना त्या जातीचे. आशा त्यांच्याकडे भरपूर आहे, पण ती उघड्यावर ठेवली की दृष्ट लागते असा त्यांचा ठाम समज.

खरं तर नाना दादरचे. ज्या मुंबईने 42 वेळा रणजी करंडक जिंकला, तिच्या गोष्टी ऐकत वाढलेले. लहानपणी त्यांना जिंकण्याचं अप्रूपच नव्हतं. लंडनला येऊन पालिकेच्या हिशेब खात्यात नोकरी केली, निवृत्त झाले, आणि तोवर फुटबॉल म्हणजे त्यांच्या लेखी फक्त पार्किंगचा प्रश्न होता. वेम्ब्ली स्टेडियमवर मोठा सामना असला की नाना सकाळपासून आपल्या दारासमोर खुर्ची टाकून राखणीला बसत.

मग 2017 साली टॉटनहॅमने आपलं जुनं मैदान पाडलं आणि नवं बांधून होईपर्यंत बिऱ्हाड वेम्ब्लीत हलवलं. शेजारच्या कोणीतरी नानांना जास्तीचं तिकीट दिलं. फुकट आहे म्हणून गेले. त्या दिवशी हॅरी केन खेळत होता, एवढंच ते सांगतात. पुढे एप्रिल 2019 मध्ये क्लब साठ हजारांवर खुर्च्यांच्या नव्या स्टेडियममध्ये परत गेला. पाहुणे गेले, पण यजमान त्यांच्यामागोमाग गाड्या बदलत लंडनच्या दुसऱ्या टोकाला जाऊ लागले. केन 2023 मध्ये क्लबच्या इतिहासातले सर्वाधिक गोल नावावर ठेवून आणि एकही करंडक न घेता बायर्न म्युनिकला गेला, तेव्हा नाना म्हणाले, "चांगलं स्थळ मिळालं. सुखात राहू दे." आणि दिवसभर जेवले नाहीत.

पण मला सांगायचं आहे ते 2024-25 च्या मोसमाबद्दल. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही, तरी एवढा विचित्र मोसम कुठल्या क्लबने पाहिला असेल असं मला वाटत नाही.

सुरुवातच मुळी अपशकुनाने झाली. सप्टेंबरात घरच्या मैदानावर आर्सेनलकडून हरल्यावर प्रशिक्षक अँज पोस्टेकोग्लू यांनी सांगून टाकलं की आपण दुसऱ्या वर्षी नेहमी काहीतरी जिंकतोच, आणि हे दुसरं वर्ष आहे. नाना टीव्हीसमोर ताडकन उभे राहिले. "अहो, असं बोलतात का? मनात ठेवावं माणसानं!" काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण काय बोललं?" "हे दाढीवाले. जिंकणार म्हणतात." "मग जिंकू देत की," काकू म्हणाल्या. त्यांना परिस्थितीचं गांभीर्य कळलं नव्हतं.

ऑक्टोबरात ब्रायटनशी सामना. मध्यंतराला टॉटनहॅम 2-0 ने पुढे. नाना खूश दिसले, म्हणजे गप्प होते. शेवटी 3-2 ने हरले. डिसेंबरात चेल्सीविरुद्ध अकरा मिनिटांत 2-0, आणि अखेर 4-3 ने पराभव. तेव्हापासून नानांनी 2-0 या आकड्याची धास्तीच घेतली. शून्य-शून्य चालेल, 1-0 उत्तम, पण दुसरा गोल झाला की त्यांचा चेहरा पडे. एकदा मी टाळ्या वाजवल्या तर म्हणाले, "वाजवू नका. आता झालं वाटोळं."

या संघाचं आणखी एक अजब होतं. बलवानांपुढे वाघ, दुबळ्यांपुढे शेळी. नोव्हेंबरात इप्सविच आलं. त्या मोसमात लीगमध्ये एकही सामना न जिंकलेलं. टॉटनहॅमने त्यांना पहिला विजय मिळवून दिला. आणि दोनच आठवड्यांनी मँचेस्टर सिटीच्या घरी जाऊन, सलग चार वर्षं विजेते राहिलेल्या, घरच्या मैदानावर 52 सामने न हरलेल्या सिटीला 4-0! नाना यावर म्हणाले, "आमच्या बाबांचंही असंच होतं. बाहेर गेले की काय तो रुबाब, काय ते बोलणं! घरी आले की भांडी आपटायचे." मात्र त्याच सामन्यात गोलकीपर विकारिओचा घोटा मोडला. गडी तशाच पायाने शेवटपर्यंत उभा राहिला. "बघा," नाना म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जवळजवळ समाधान होतं, "फुकट काही मिळत नाही."

तिथून दुखापतींची रांगच लागली. रोमेरो, व्हॅन डे व्हेन, उडोगी. अठरा वर्षांच्या आर्ची ग्रेला, जो मूळचा मधल्या फळीतला, बचावात उभं करावं लागलं. नाना सकाळी वर्तमानपत्र उघडत ते हॅमस्ट्रिंगची खबर घ्यायला. कोणाचा डावा, कोणाचा उजवा, किती आठवडे, सगळं तोंडपाठ. काकू एकदा कावल्या, "माझा गुडघा कुठला दुखतो ते सांगा बघू." नानांनी विचार करून "उजवा" सांगितलं. तो डावा होता. त्या दिवशी जेवणात मुगाची खिचडी झाली.

डिसेंबरात साउदम्प्टनला मध्यंतरापर्यंतच पाच गोल मारले, तेव्हा नाना हळूच म्हणाले, "आता आपण सहा खाणार." पुढच्याच रविवारी लिव्हरपूलने सहा घातले. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी छताकडे पाहिलं. फेब्रुवारीत गुरुवारी लीग कप गेला, रविवारी एफए कप गेला. क्लबच्या अध्यक्षांविरुद्ध समर्थकांनी निदर्शनं केली. नाना गेले नाहीत. घरातलं भांडण रस्त्यावर नेऊ नये, हे त्यांचं मत.

आता राहिली होती एकच स्पर्धा, युरोपा लीग. आणि इथे काकूंचा प्रवेश होतो. युरोपा लीगचे सामने गुरुवारी. काकूंचा गुरुवारचा उपास लग्नाच्या आधीपासूनचा. मार्चमध्ये अल्कमारला पहिला सामना हरून दुसऱ्यात 3-1 ने उलटवला, एप्रिलमध्ये फ्रँकफर्टला त्यांच्या घरी हरवलं, मग आर्क्टिक वर्तुळापलीकडच्या बोडोला जाऊन 2-0. नानांनी त्या 2-0 ला डोळे मिटून घेतले होते. काकूंनी या सगळ्याचं श्रेय दत्तमहाराजांना दिलं. नानांनी श्रेय कोणालाच दिलं नाही. फक्त बुधवारी संध्याकाळी साबुदाणा भिजत टाकल्याची ते खात्री करून घेऊ लागले.

लीगमध्ये मात्र संघ गाळात चालला होता. अंतिम सामना ठरला तो बिल्बाओत, मँचेस्टर युनायटेडशी, आणि तेही लीगमध्ये सोळावे. सोळावा विरुद्ध सतरावा, आणि जिंकणारा थेट चॅम्पियन्स लीगमध्ये! पण नानांची चिंता वेगळीच होती. "बिल्बाओचा सामना बुधवारी आहे," ते मला जिन्यात गाठून म्हणाले, "तुम्ही काकूंशी बोलून बघा." भाडेकरूने घरमालकिणीला बुधवारी उपास धरायला कसं सांगायचं, याची रीत मला ठाऊक नव्हती. पण काकू नुसत्या हसल्या. त्यांनी मंगळवारीच साबुदाणा भिजवला होता.

21 मे 2025. बेचाळिसाव्या मिनिटाला गोल झाला, पण कसला! ब्रेनन जॉन्सनचा पाय, युनायटेडच्या शॉचं अंग, अशी घुसळण होऊन चेंडू एकदाचा घरंगळत आत. गोल म्हणावा असं त्यात काही नव्हतं, पण फळ्यावर 1-0 लागला. उत्तरार्धात नाना पुटपुटत राहिले, "दुसरा नको रे, दुसरा नको." टॉटनहॅमने त्यांचं अक्षरशः ऐकलं. गोल करायला कोणी पुढे गेलंच नाही, सगळे मागे. युनायटेडच्या हॉइलंडचं हेडर गोलरेषेवरून जात असताना व्हॅन डे व्हेनने हवेत आडवा होऊन ते बाहेर काढलं, तेव्हा काकूंच्या हातातली वाटी पडली. शेवटची शिट्टी वाजली. 2008 नंतरचा पहिला करंडक, 1984 नंतरचा पहिला युरोपीय. कर्णधार सॉन रडत होता. नाना उठले, बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ सोडून आत राहिले.

"गर्दीत कोण जाणार" म्हणत शुक्रवारी ते मिरवणुकीला गेले. डब्यात पुऱ्या होत्या.

रविवारी लीगचा शेवटचा सामना, पुन्हा ब्रायटन, 1-4. नाना एकदम सैलावले. कितीतरी दिवसांनी त्यांनी पाय स्टुलावर घेतले. मग तक्ता मांडून बसले: 38 पैकी 22 पराभव, क्रमांक सतरावा. पण गोल केले 64, खाल्ले 65. हिशेब खात्यात आयुष्य काढलेला माणूस यावरून पुढचे कितीतरी दिवस अस्वस्थ होता. "एका गोलाच्या तोट्यात सतरावा नंबर? कुठेतरी एंट्री चुकली आहे." 6 जूनला पोस्टेकोग्लूंना काढून टाकलं. दिलेला शब्द पाळून नोकरी गेली! "बोलायला नको होतं," नाना म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांच्या मनात कुठेतरी गुरूला निरोप देण्याचं दुःख होतं हे मला स्पष्ट दिसलं.

परवा काकूंनी नवाच प्रश्न काढला. चॅम्पियन्स लीगचे सामने बहुधा मंगळवारी नाहीतर बुधवारी असतात. "मंगळवार गणपतीचा, तो मी धरते," त्या म्हणाल्या. "पण सगळे वार मला झेपायचे नाहीत. बुधवार तुम्ही धरा."

नानांना सकाळी पोहे मिळायला उशीर झाला तर चक्कर येते. त्यांनी सावधपणे विचारलं, "बुधवार कोणाचा?"

"विठोबाचा."

नाना थोडा वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "चालेल. अठ्ठावीस युगं एका जागी उभा आहे, हॅमस्ट्रिंगची एक तक्रार नाही."