दहा हजार पौंड आणि दीडशे किलोमीटर

विजेवर चालणाऱ्या पिकअप ट्रकच्या ताकदीबद्दल वाद नाही. जुलै २०१९ मध्ये फोर्ड कंपनीने आपल्या एफ-१५० ट्रकच्या विजेवरच्या नमुन्याला मालगाडीचे दहा दुमजली डबे जोडले, त्यांत बेचाळीस कोरे ट्रक चढवले आणि दहा लाख पौंडांहून अधिक, म्हणजे साडेचारशे टनांच्या वरची ही वरात त्याच्याकडून ओढवून घेतली. जाहिरात गाजली. अंतर होते हजार फूट. दहा लाख पौंड सगळ्यांच्या लक्षात राहिले, हजार फूट कोणाच्याच नाही. कॅम्पर ट्रेलर ओढण्याचा विषय या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत बसतो.

कॅम्पर ट्रेलर म्हणजे चाकांवरचे वन रूम किचन. पलंग, शेगडी, फ्रिज, मोरी, संडास, एसी हे सगळे अडीच मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोक्यात कोंबलेले असते. ज्या सुखसोयींचा कंटाळा येऊन माणूस रानात जातो, त्या सगळ्या सोबत न्यायची ही सोय आहे. अमेरिकेत तिची परंपरा जुनी आहे. एअरस्ट्रीम ही चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचे ट्रेलर बनवणारी कंपनी १९३१ सालची. ‘केओए’ नावाची कॅम्पग्राउंडांची साखळी १९६२ मध्ये मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावी सुरू झाली. अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांनी या परंपरेत प्रेशर कुकरची भर घातली.

ट्रक किती वजन ओढू शकतो, हे कंपनी मनाला येईल तसे छापत नाही. त्यासाठी एसएई जे२८०७ नावाचे प्रमाण आहे. त्यातली गाजलेली परीक्षा अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर होते. ऐन उन्हात, एसी पूर्ण सोडून, मागे पूर्ण वजन घेऊन सुमारे अठरा किलोमीटरचा चढ चढायचा आणि ताशी चाळीस मैलांच्या खाली यायचे नाही. फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगची मर्यादा, योग्य ते पॅकेज घेतले तर, १०,००० पौंड म्हणजे साडेचार टन आहे. रिव्हियन आरवनटी आणि टेस्लाचा सायबरट्रक ११,००० पौंडांपर्यंत जातात. चढ चढून झाल्यावर पुढे किती जाता येईल, असा प्रश्न या परीक्षेत नाही. पेट्रोलच्या जमान्यात तो विचारायचे कारणच नव्हते, कारण पुढे पंप होता.

ट्रेलर जोडणे हे एक कर्मकांड आहे आणि त्यात सोवळे-ओवळे कडक आहे. ट्रकच्या मागे लोखंडी गोळा असतो, त्यावर ट्रेलरच्या दांड्याची वाटी बसते. मग खटका, खटक्याला खीळ, खाली फुलीसारख्या अडकवलेल्या दोन साखळ्या, दिवे आणि ब्रेकसाठी सात टोकांचा प्लग. ट्रेलरच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार या गोळ्यावर यावा लागतो. त्याहून कमी आला तर हायवेवर ट्रेलर मागच्या मागे झुलू लागतो आणि पुढच्याला आरशात स्वतःचेच बिऱ्हाड डावी-उजवीकडून डोकावताना दिसते. म्हणून जड सामान पुढच्या बाजूला ठेवायचे. पण हा भार ट्रक पाठीवर घेतो, आणि पाठीवर आधीच बॅटरी आहे, माणसे आहेत, कूलर आहेत, आणि ‘तिथे मिळेल न मिळेल’ म्हणून घेतलेली दहा किलो कणीक आहे. पाण्याची टाकी घरून भरून न्यायची सवय असलेल्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की लिटरला एक किलो हा हिशेब अमेरिकेतही चुकत नाही.

एकदा गाडी निघाली की पहिली दहा मिनिटे परमानंदाची असतात. लाइटनिंगच्या मोटरींचा टॉर्क हजार न्यूटन-मीटरच्या वर आहे आणि तो पाय ठेवताक्षणी मिळतो. गिअर नाहीत, इंजिनाचे कण्हणे नाही. सिग्नल सुटला की तीन टनांचा ट्रेलर मुकाट मागे येतो. शेजारच्या लेनमधला डिझेल ट्रकवाला घरघर करत मागे राहतो आणि काच खाली करून बघतो. विजेच्या ट्रकवाल्याने ही नजर साठवून घ्यावी, कारण दोन तासांनी तोच डिझेलवाला हात हलवत पुढे जाणार असतो.

आता शत्रूची ओळख. ट्रेलरचे वजन पाहून सगळे वजनाला घाबरतात, पण सपाट रस्त्यावर वजन फारसे छळत नाही. एकदा गतीला लागले की ते बापडे चालत राहते. खरा वैरी हवा. ट्रकला कंपनीने वाऱ्याच्या बोगद्यात बसवून कोपरे घासून दिलेले असतात, आणि त्याच्या मागे मालक एक उभी भिंत बांधतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी ८८ किलोमीटरला जेवढा विरोध असतो, त्याच्यापेक्षा ताशी १०५ ला सुमारे चाळीस टक्के जास्त. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढणाऱ्यांना ताशी ५५ मैलांची, म्हणजे बरोबर त्या ८८ किलोमीटरची मर्यादा आहे. तो नियम सुरक्षिततेसाठी केलेला आहे, पण विजेच्या ट्रकवाल्याइतका मनोभावे तो दुसरे कोणी पाळत नाही.

मग लोक विचारतात की ट्रेलर लावल्यावर पेट्रोलचा ट्रकही जास्त खातो, त्याची ओरड का होत नाही? खातो, चांगला दुप्पट खातो. ओरड होत नाही कारण त्याच्या पोटात मुळात खूप असते. लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीत १३१ युनिट वीज मावते, महावितरणच्या बिलावर असतात तीच युनिटे. पंखे, फ्रिज आणि टीव्हीच्या घराला महिनाभर पुरावी एवढी. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८.९ युनिटांची ऊर्जा असते. भागाकार केला तर बॅटरीतली सगळी ऊर्जा पंधरा लिटरच्या आतबाहेर पेट्रोलाएवढी भरते, म्हणजे पल्सर १५० च्या एका टाकीएवढी. ही टाकीभर ऊर्जा बाळगणाऱ्या बॅटरीचे वजन आठशे किलोच्या घरात आहे. पेट्रोलच्या एफ-१५० ला १३६ लिटरची टाकी मिळते. पेट्रोल इंजिन त्यातला तीन-चतुर्थांश भाग उष्णता करून हवेत उधळते, विजेची मोटर मात्र बहुतेक सगळी ऊर्जा चाकांना देते. उधळ्या श्रीमंत आणि काटकसरी गरीब यांच्या प्रवासात अडचण कोणाची होते, हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकन सरकारच्या मोजणीप्रमाणे मोठ्या बॅटरीची लाइटनिंग एका चार्जवर ३२० मैल, म्हणजे सुमारे ५१५ किलोमीटर जाते. मागे मोठा ट्रेलर लावला की हिशेब साधारण एका युनिटला एक मैल असा येतो. १३१ युनिटे, १३१ मैल, म्हणजे २१० किलोमीटर. पण बॅटरी शून्यावर आणून बघायची हौस कोणालाच नसते, आणि ऐंशी टक्क्यांपुढे चार्जिंग इतके मंदावते की थांबण्यात अर्थ उरत नाही. म्हणून दहा ते ऐंशी टक्क्यांमधली वीजच प्रवासात कामाची. ती देते दीडशे किलोमीटर. पावणेदोन तास गाडी चालवायची, पाऊण तास चार्ज करायची, पुन्हा पावणेदोन तास. डॅशबोर्डवरचा आकडा या वास्तवाशी हळूहळू जुळवून घेतो. ट्रकला ट्रेलरची लांबी-रुंदी आणि वजन आधीच कळवण्याची सोय आहे. न कळवल्यास तो सकाळी उमेदीने मोठा आकडा दाखवतो आणि मग दर किलोमीटरमागे दोन किलोमीटर कापत जातो. घरच्यांनी या काळात चालकाशी बोलू नये.

पाऊण तास हा कागदावरचा. चार्जिंग स्टेशन्स मोटारींसाठी बांधली गेली, आणि मोटारीला शेपूट नसते. खांबासमोर एक गाडी मावेल अशी आखलेली जागा, खांबाला हातभर बेताची केबल. ट्रक सहा मीटरचा, ट्रेलर आठ मीटरचा. ज्यांचे चार्जिंगचे तोंड पुढच्या डाव्या बाजूला आहे ते फोर्ड आणि रिव्हियनवाले नाक खांबाला लावून उभे राहू शकतात, फक्त मागचा ट्रेलर पार्किंगची वाट आडवतो. सायबरट्रकचे तोंड मागे आहे, तेव्हा त्याने खांबाकडे पाठ करायची, आणि पाठीला ट्रेलर आहे. पंपासारखे आरपार जाता येईल असे खांब काही ठिकाणी आहेत, पण ते पंढरपुरात एकादशीला खोली मिळावी तसे मिळतात.

राहतो राजमार्ग, तो म्हणजे ट्रेलर सोडणे. एखाद्या मोठ्या दुकानाच्या पार्किंगमध्ये, कडेच्या दहा जागा आडव्या अडवून ट्रेलर उभा करायचा. चाकांना अडणी लावायची. प्लग काढायचा, साखळ्या काढायच्या, खीळ काढायची, ती खिशात ठेवायची. जॅक फिरवून दांडा उचलायचा. ट्रक काढून खांबाशी न्यायचा. पहिला खांब बंद असतो. दुसऱ्या खांबाचा स्क्रीन उन्हात वाचता येत नाही. तिसरा चालू असतो आणि त्यावर एक छोटी मोटार नव्वद टक्क्यांच्या पुढे रेंगाळत असते, मालक आत खरेदीला गेलेला. ट्रक भरला की परत यायचे, गोळा बरोबर वाटीखाली येईल असा ट्रक मागे घ्यायचा, दोन बोटे इकडे, एक बोट तिकडे, आणि सगळे उलट्या क्रमाने लावायचे. मग खीळ कुठे ठेवली ते शोधायचे. दिवसातून दोनदा हे केले की पावसाळी ढगाकडे माणूस वेगळ्या नजरेने पाहतो. अमेरिकेच्या २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात हायवेवरच्या चार्जिंगसाठी पाच अब्ज डॉलर ठेवले गेले, आणि दर पन्नास मैलांना स्टेशन हवे, प्रत्येक ठिकाणी किमान चार खांब हवेत असे त्याच्या पहिल्या नियमांत ठरले होते. ट्रेलरसाठी आरपार जागा हवीच, असे मात्र ठरले नाही.

घाटाचे गणित वेगळे, आणि ते शाळेतल्या पदार्थविज्ञानाने सुटते. कोलोरॅडोत डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून १,६०९ मीटरवर आहे, आणि आय-७० हायवेवरचा आयझेनहॉवर बोगदा ३,४०१ मीटरवर. ट्रक, ट्रेलर आणि मंडळी मिळून साडेसहा टन धरले, तर एवढे वजन नुसते वर उचलायलाच ३२ युनिटे लागतात. अंतर साठेक मैलांचे, त्याची साठ युनिटे निराळी. एकूण ९२, म्हणजे बॅटरीचे सत्तर टक्के बोगद्यापाशीच खलास. पण पलीकडे डिलनच्या बाजूला सात टक्के उताराची उतरण आहे, आणि तिथे विजेचा ट्रक आपले खरे रूप दाखवतो. मोटरी उलट्या वीज बनवू लागतात, ब्रेकला हात लावावा लागत नाही आणि बॅटरीचा आकडा वाढत जातो. मात्र डोंगरमाथ्यावर मुक्काम करून, रात्रभर चार्ज करून सकाळी शंभर टक्क्यांवर उतरायला निघणाऱ्याला हे सुख नाही. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावत नाही, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इतके दिवस बॅटरी रिकामी म्हणून धास्ती घेतलेल्या माणसाला भरलेल्या बॅटरीची धास्ती घ्यायला इथे शिकावे लागते.

मुक्कामी पोहोचले की शेवटची परीक्षा ट्रेलर मागे घेण्याची. स्टिअरिंग डावीकडे वळवले की ट्रेलर उजवीकडे जातो. चालकाला हे माहीत असते, पण त्याच्या हातांना माहीत नसते. मागे उभी असलेली बायको एसटीच्या कंडक्टरच्या तालावर सांगत असते, “येऊ दे, येऊ दे, येऊ दे… अरे डावीकडे! तुझ्या नाही, माझ्या डावीकडे!” आजूबाजूच्या तंबूंतली मंडळी खुर्च्यांची तोंडे इकडे फिरवतात. रिव्हियनला चार मोटरी असल्या काय आणि दोन असल्या काय, या कामात कोणतीही मोटर मदतीला येत नाही.

पण एकदा ट्रेलर जागेवर बसला की विजेच्या ट्रकला तोड नाही. बऱ्याच कॅम्पग्राउंडवर पन्नास अ‍ॅम्पियरचा खांब असतो, त्यातून तासाला साडेनऊ युनिटे घेता येतात आणि दहा तासांत बॅटरीचा मोठा हिस्सा भरतो. काही ठिकाणी मालक त्याचे वेगळे पैसे लावतो, आणि ते योग्यच आहे. जिथे खांबच नाही अशा रानात ट्रक स्वतःच खांब होतो. लाइटनिंग ९.६ किलोवॅटपर्यंत वीज बाहेर देऊ शकते. जनरेटरचा धूर नाही, फटफट नाही. रात्री दहानंतरच्या शांततेच्या नियमाचा भंग करायला कुकरची शिटीच काय ती उरते. फक्त रात्रभर ट्रेलरचा एसी लावला तर दहा-बारा युनिटे जातात, म्हणजे उद्याचे वीसेक किलोमीटर.

या दुखण्यावर औषधे निघाली आहेत. मार्च २०२३ मध्ये लाइटशिप नावाच्या कंपनीने ८० युनिटांची स्वतःची बॅटरी आणि मोटर असलेला ट्रेलर दाखवला. तो स्वतःला स्वतः ढकलतो, त्यामुळे पुढच्या ट्रकला जणू मागे काही नाहीच असे वाटते, आणि हवेला चुकवण्यासाठी त्याचे छप्परही खाली बसते. त्या वेळी किंमत सव्वा लाख डॉलरपासून पुढे सांगितली होती. पेबल कंपनीचा ट्रेलर रिमोटवर स्वतः हलतो आणि गोळ्यावर स्वतःच येऊन बसतो. संसार वाचवण्याच्या दृष्टीने हा शोध मोठाच. ट्रक कंपन्यांनी मात्र दुसरी वाट धरली. राम कंपनीने सप्टेंबर २०२५ मध्ये पूर्ण विजेचा मोठा ट्रक रद्द केला आणि ९२ युनिटांची बॅटरी व ती भरण्यासाठी ३.६ लिटरचे पेट्रोल इंजिन असलेल्या ट्रकवर भर दिला. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डनेही जाहीर केले की पुढची लाइटनिंग पेट्रोलचा जनरेटर सोबत घेऊन येईल.

तोवर ज्यांचे आवडते तळे घरापासून दीडशे किलोमीटरच्या आत आहे, त्यांनी विजेचा ट्रक खुशाल घ्यावा, त्याहून बरे ओढणारे वाहन नाही. ज्यांना देश पालथा घालायचा आहे त्यांनी डिझेल घ्यावे. आणि उन्हाळ्यात मुलाकडे गेलेल्या आईवडिलांनी, “बाबा, वीकेंडला कॅम्पिंगला जाऊ या, नवा ट्रक घेतलाय,” असे ऐकल्यास जागा किती सुंदर आहे हे विचारू नये, किती लांब आहे ते विचारावे आणि डबा दोन वेळचा घ्यावा.